आसनपट्टा, मोटारगाडीतील

आसनपट्टा : मोटारगाडीची टक्कर झाली किंवा ती एकाएकी थांबली असता आत बसलेली व्यक्ती आसनावरून फेकली जाऊ नये, यासाठी तिला आसनाशी धरून ठेवणारा विणलेल्या मजबूत फितीचा पट्टा. व्यवहारात त्यास सीट बेल्ट असे म्हणतात. सध्या सर्वत्र वापरात असलेला पट्टा त्रिबिंदू प्रकारचा आहे. त्याचा एक भाग कमरेवरून आडवा व दुसरा भाग खांद्यावरून छातीवर तिरका जातो आणि तो गाडीच्या सांगाड्याला तीन ठिकाणी जोडलेला असतो. हा पट्टा १९५९ मध्ये प्रथम बाजारात आला. त्याची रचना साधी, किंमत अल्प आणि तो बांधण्यास लागणारा वेळ दोन-तीन सेकंदांचा आहे. असे असूनही तो सर्वसामान्य वापरात येण्यास अनेक देशांत पाव शतक लागले आणि भारतात तर हे काम अद्याप अपुरेच आहे. पट्टा शोधून काढणे, तो प्रत्येक गाडीत बसविणे आणि लोकांनी तो अंगावर घेणे, असे या इतिहासाचे तीन टप्पे पडतात. त्यांपैकी पहिला टप्पा अभियंत्यांनी पार पाडला. दुसरा व तिसरा टप्पा मात्र प्रामुख्याने कायद्यामुळे पार पडला.

तत्त्व : ताशी ५० किमी. वेगाने जाणारी गाडी भिंतीवर आदळली, तर तिचा पुढील भाग चेपला जातो व साधारणपणे अर्ध्या मीटरच्या अंतरात ती थांबते. आतील व्यक्ती मात्र निरूढीमुळे (जडत्वामुळे) मूळच्याच वेगाने पुढे जात राहते. पट्टा नसेल, तर गाडी थांबल्यानंतर ही व्यक्ती सुकाणूचक्र, पुढील फळी किंवा काच यांवर आदळते व अवघ्या काही सेंटिमीटर अंतरात थांबते. थांबण्याचे अंतर जितके कमी तितके शरीरावर येणारे बल जास्त, हा यामिकीतील साधा नियम येथे लागू पडतो. ताशी ५० किमी. हा वेग सु. १० मी. उंचीवरून खाली पडणाऱ्या वस्तूच्या अखेरच्या वेगाइतका असतो. म्हणजे ही टक्कर इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून पडण्यासारखी असते.

पट्ट्यामुळे व्यक्ती गाडीबरोबरच थांबू लागते व गाडीचा पुढील भाग चेपला जाताना मिळणारे सर्व अंतर तिलाही उपयोगी पडते. अर्ध्या मीटरमध्ये एकसारख्या रीतीने वेग कमी झाल्यास शरीरावर गुरुत्वीय प्रवेगाच्या सु. २० पट मंदन होते. ७० किग्रॅ. वस्तुमानाच्या व्यक्तीच्या बाबतीत याचा अर्थ सु. १,४०० किग्रॅ. वजनाइतके बल असा होतो. हाताने पुढील फळी धरून किंवा पाय रोवून एवढे बल पेलणे कोणालाही शक्य नाही. तसेच मांडीवरील मूलही धरून ठेवता येत नाही. पट्टा हे बल कमरेची हाडे, गळपट्टीचे हाड व बरगड्या या शरीरातील त्या मानाने बळकट भागांवर वाटून देतो. शिवाय व्यक्ती गाडीबाहेर फेकली जाण्याचा धोकाही त्यामुळे फार कमी होतो.

पूर्वेतिहास : एडवर्ड जे. क्लॅगॉर्न या न्यूयॉर्कच्या रहिवाशास १० फेब्रुवारी १८८५ रोजी अमेरिकेत सुरक्षा पट्ट्याचे पेटंट मिळाले. मोटारगाडीच्या आसनपट्ट्याचा जनक म्हणून त्याचा उल्लेख अनेकदा केला जातो. परंतु त्याचा पट्टा उंचावर काम करणाऱ्या माणसास आधाराशी बांधून ठेवण्यासाठी होता. त्याचा मोटारगाडीशी संबंध नव्हता. वाहनातील पट्ट्याची खरी गरज प्रथम विमानात भासली. अमेरिकेच्या सैन्यातील अधिकारी बेंजामिन फुलॉइस हे १९१० मध्ये टेक्सस राज्यातील सॅन अँटोनिओ येथे राइट बंधूंचे विमान चालविण्याचा सराव करीत होते. हादऱ्यांमुळे आसनावरून फेकले जाण्याचा प्रसंग आल्यावर त्यांनी खोगिराचे काम करणाऱ्यांकडून कातडी पट्टा करवून घेतला व तो विमानाच्या आसनाला जोडला. त्यानंतर विमानांत पट्टा रूढ झाला. तथापि त्याचा हेतू उड्डाणात वैमानिक बाहेर पडू नये एवढाच होता; अपघातात इजा कमी व्हावी असा विचार त्यामागे नव्हता.

हा दुसरा विचार रुजविण्याचे श्रेय मुख्यतः ह्यू डीहेवन यांना दिले जाते. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश वायुदलाचे शिक्षण घेत असताना १९१७ मध्ये ते विमान अपघातात सापडले व गंभीर जखमी होऊनही वाचले. आपल्याला झालेल्या इजेचे कारण केवळ दैव नसून विमानाची अंतर्गत रचना, विशेषतः पट्ट्याचे बोजड बक्कल, हे आहे असे त्यांचे मत झाले. उंचावरून पडूनही वाचलेल्या माणसांच्या घटनांचा त्यांनी अभ्यास केला आणि १९४२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात अपघातजन्य इजांच्या संशोधनास प्रारंभ केला. नाजूक वस्तू पेटीत नीट बांधून पाठविली, तर पेटी आदळली तरी वस्तू फुटत नाही. तोच न्याय प्रवाशास लावावा, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. अपघात टाळणे व अपघातातील इजा टाळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यामुळे स्पष्ट झाले. तोवर रस्ते-सुरक्षेचा सर्व भर चालकाला सावध करण्यावर असे व अपघाताचा दोष केवळ चालकाकडे जाई.

उत्पादक, वैद्य आणि संशोधक : नॅश या अमेरिकन कंपनीने १९४९ च्या अखेरीस काही गाड्यांतून कमरपट्टे देऊ केले, परंतु ते अनेक ग्राहकांना नकोसे झाले व काहींनी ते काढवून घेतले. फोर्ड कंपनीने आपल्या १९५६ च्या गाड्यांसाठी सुरक्षा साधनांचा एक संच जाहिरातीसह बाजारात आणला. त्यात पट्टे जादा पैसे देऊन मिळत. त्यांना फारच थोड्या ग्राहकांनी पसंती दिली. ‘सुरक्षितता विकली जात नाही’ असा समज यावरून मोटार उद्योगात दृढ झाला. गाडीत पट्टा दिसला की ती गाडी धोकादायक आहे असे ग्राहकाला वाटेल, अशी भीतीही विक्रेत्यांना वाटे.

याच सुमारास रुग्णालयांतून मात्र वेगळे चित्र दिसत होते. कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथील मज्जासंस्थेचे शल्यविशारद सी. हंटर शेल्डन यांनी नोव्हेंबर १९५५ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. मोटार अपघातात डोक्याला होणाऱ्या दुखापतींवर प्रतिबंध हाच खरा उपचार आहे, असे त्यांनी त्यात प्रतिपादन केले आणि आपोआप गुंडाळले जाणारे पट्टे, आत दबलेले सुकाणूचक्र, मजबूत छप्पर इ. सुधारणा सुचविल्या.

मानवी शरीर किती आघात सहन करू शकते, हा प्रश्न अमेरिकन वायुदलातील वैद्यकीय अधिकारी जॉन पॉल स्टॅप यांनी स्वतःवर प्रयोग करून सोडविला. १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोतील हॉलोमन तळावर रॉकेटच्या साहाय्याने रुळांवरून धावणाऱ्या घसरगाडीत पट्ट्यांनी बांधून घेऊन त्यांनी ताशी सु. १,०१७ किमी. वेग गाठला व ते सु. १·४ सेकंदांत थांबले. गुरुत्वीय प्रवेगाच्या ४६ पटींहून अधिक मंदन सहन करूनही ते वाचले. नीट बांधलेले शरीर समजुतीपेक्षा कितीतरी अधिक आघात सोसू शकते, हे यावरून सिद्ध झाले. वायुदलातील माणसे विमानांपेक्षा मोटारींच्या अपघातांत अधिक संख्येने दगावतात, हेही स्टॅप यांच्या ध्यानात आले होते. मोटारींच्या टकरींवरील वार्षिक परिषद त्यांनी १९५५ मध्ये सुरू केली व ती पुढे त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

त्रिबिंदू पट्टा : केवळ कमरपट्ट्याने शरीराचा खालचा भाग स्थिर राहतो, पण वरचा भाग पुढे झुकून डोके आदळते आणि पोटातील इंद्रियांवर ताण येतो. केवळ तिरकस खांदेपट्टा वापरल्यास शरीर त्याखालून निसटू शकते. रॉजर ग्रिझ्वोल्ड व डीहेवन यांनी १९५१ मध्ये दोन्ही पट्टे एकत्र करणाऱ्या रचनेच्या पेटंटासाठी अर्ज केला व त्यांना ते १९५५ मध्ये मिळाले. मात्र त्या रचनेत बक्कल शरीराच्या पुढील बाजूस येत असे. स्वीडनमध्ये व्हाटेनफाल या सरकारी वीजसंस्थेने आपल्या कर्मचाऱ्यांच्या अपघातांमुळे याच दशकात पट्ट्यांवर काम हाती घेतले होते. साब या स्वीडिश कंपनीने १९५८ मध्ये आपल्या एका गाडीत पट्टे मूळ साधन म्हणून दिले.

निल्स बोलिन (१९२०–२००२) हे साब कंपनीत विमानातील उत्क्षेपी आसनांवर काम करणारे अभियंते होते. १९५८ मध्ये ते व्होल्व्हो कंपनीत सुरक्षा अभियंता म्हणून रुजू झाले. वैमानिक चार-पाच पट्टे निमूटपणे बांधून घेतो, पण मोटारचालक एक मिनिटही त्रास सोसणार नाही, हे त्यांनी जाणले. त्यामुळे पट्टा एका हाताने, एकाच हालचालीत बांधता यावा अशी अट त्यांनी स्वतःवर घालून घेतली. त्यांच्या अभिकल्पात कमरेचा व खांद्याचा असे दोन्ही भाग एका बाजूस खाली, नितंबाजवळ एकत्र येतात. त्यांचा आकार इंग्रजी व्ही अक्षरासारखा होतो व त्याचे टोक जमिनीकडे असते. बल आल्यावर पट्टा सरकत नाही आणि बक्कल पोटावर येत नाही. त्रिबिंदू पट्टा असलेली पहिली गाडी ऑगस्ट १९५९ मध्ये स्वीडनमध्ये विकली गेली. बोलिन यांना अमेरिकेतील पेटंट जुलै १९६२ मध्ये मिळाले. तथापि कंपनीने इतर उत्पादकांनाही ही रचना वापरण्यास मोकळीक दिली. हीच रचना पुढे जगभर प्रमाण ठरली.

रचनेइतकाच महत्त्वाचा होता तो पुरावा. स्वीडनमधील सु. २८,००० अपघातांच्या नोंदींचे विश्लेषण बोलिन यांनी १९६७ मध्ये स्टॅप परिषदेत मांडले. पट्टा न बांधलेल्या व्यक्ती कोणत्याही वेगाच्या अपघातात मृत्युमुखी पडल्याचे त्यात आढळले. याउलट ताशी सु. ९६ किमी. पेक्षा कमी वेगाच्या अपघातांत पट्टा बांधलेली एकही व्यक्ती दगावली नव्हती. यापुढे पट्ट्याच्या उपयुक्ततेविषयी शास्त्रीय शंका उरली नाही.

गाडीत पट्टा बसविण्याची सक्ती : अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याने १९६१ मध्ये नव्या मोटारगाड्यांत पुढील बाजूस पट्टे असावेत असा कायदा केला व इतर काही राज्यांनी त्याचे अनुकरण केले. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांचे मोटारगाड्यांच्या सदोष अभिकल्पांवर टीका करणारे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि लोकमत जागृत झाले. १९६६ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने वाहतूक व मोटार वाहन सुरक्षेचा राष्ट्रीय कायदा संमत केला. त्यान्वये १ जानेवारी १९६८ पासून नव्या प्रवासी गाड्यांत सर्व आसनांना पट्टे बसविणे बंधनकारक झाले. ग्रेट ब्रिटनमध्येही याच दशकाच्या उत्तरार्धात पुढील आसनांसाठी पट्टे सक्तीचे झाले. अशा रीतीने दुसरा टप्पा अल्पावधीत पूर्ण झाला.

परंतु गाडीत पट्टा असणे आणि तो बांधलेला असणे यांत मोठे अंतर होते. पट्ट्यांची सक्ती होऊन पंधरा वर्षे लोटल्यावरही, १९८३ च्या सुमारास, अमेरिकेत पट्टा बांधणाऱ्यांचे प्रमाण अवघे १४ टक्क्यांच्या आसपास होते. प्रचार, भित्तिपत्रके व जाहिराती यांचा परिणाम सर्वत्र तात्पुरता ठरला.

पट्टा बांधण्याची सक्ती : आपल्या सर्व गाडीस्वारांना पट्टा बांधण्यास भाग पाडण्याचा निर्णायक कायदा ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने केला. तेथे १९७० मध्ये रस्त्यांवरील अपघातांत १,०६१ माणसे दगावली. शल्यविशारदांची संघटना, वृत्तपत्रे व विधिमंडळाची रस्ते-सुरक्षा समिती यांच्या रेट्यामुळे २२ डिसेंबर १९७० पासून, ज्या आसनाला पट्टा बसविलेला आहे त्या आसनावरील व्यक्तीने तो बांधलाच पाहिजे असा नियम अमलात आला. रुग्णालयांत काम करणाऱ्या शल्यविशारदांनी पुढाकार घेतल्याने या प्रश्नाला पोलिसी स्वरूपाऐवजी सार्वजनिक आरोग्याच्या प्रश्नाचे स्वरूप आले, ही गोष्ट लक्षणीय आहे. थोड्याच काळात ऑस्ट्रेलियातील इतर राज्यांनीही तसेच कायदे केले. १९७२ मध्ये न्यूझीलंड, १९७३ मध्ये फ्रान्स (प्रारंभी गावाबाहेरील रस्त्यांवर), १९७५ मध्ये स्वीडन आणि १९७६ मध्ये कॅनडाचा आँटॅरिओ प्रांत व प. जर्मनी यांनी हाच मार्ग अवलंबिला.

प. जर्मनीचा अनुभव विशेष बोधप्रद आहे. १ जानेवारी १९७६ पासून तेथे पट्टा बांधणे कायद्याने आवश्यक झाले. पण न बांधणाऱ्यास दंड ठेवलेला नव्हता. टक्कर झाल्यावर पट्ट्यात अडकून आपण जळून किंवा बुडून मरू, या भीतीवर तेथे बरीच चर्चा झाली होती. कायद्यानंतरही अनेक चालक पट्टा बांधीत नसत. १ ऑगस्ट १९८४ पासून ४० मार्क दंड लागू झाला आणि पट्टा बांधणाऱ्या चालकांचे प्रमाण थोड्याच काळात ९० टक्क्यांच्या वर गेले. लोकांची मते एवढ्यात बदलली असण्याचा संभव नाही. बदलली ती फक्त कायद्यामागील अंमलबजावणी.

अमेरिकेने प्रथम कायद्याऐवजी यंत्राचा आश्रय घेतला. १९७४ च्या गाड्यांत, पुढील आसनावरील व्यक्तीने पट्टा बांधल्याखेरीज एंजिन सुरूच होऊ नये अशी कुलूपयंत्रणा बसविण्यात आली. आसनावर ठेवलेल्या किराणा सामानाच्या पिशवीलाही ती प्रवासी समजे. लोकांनी पट्टे कायमचे अडकवून त्यांवर बसणे, तारा तोडणे असे उपाय शोधले. संतप्त नागरिकांच्या तक्रारींमुळे काँग्रेसने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये या यंत्रणेची सक्ती करण्यास मनाई केली आणि सूचक घंटेच्या सक्तीलाही आठ सेकंदांची मर्यादा घातली. यानंतर दहा वर्षांनी, जुलै १९८४ मध्ये, न्यूयॉर्क राज्याने पट्टा बांधण्याची सक्ती करणारा अमेरिकेतील पहिला राज्यस्तरीय कायदा केला व तो त्याच वर्षी १ डिसेंबरपासून अमलात आला. लोकसंख्येच्या दोन-तृतीयांश भागाला लागू पडतील इतक्या राज्यांनी १९८९ पर्यंत असे कायदे केल्यास उत्पादकांवरील एअरबॅग किंवा स्वयंचलित पट्ट्यांची सक्ती मागे घेण्यात येईल, असे केंद्रीय वाहतूक खात्याने त्याच महिन्यात जाहीर केले. त्यामुळे एकेकाळी पट्ट्यांबाबत उदासीन असलेला मोटार उद्योग कायद्याच्या बाजूने उभा राहिला. २०२२ मध्ये अमेरिकेत पुढील आसनांवर पट्टा बांधणाऱ्यांचे प्रमाण सु. ९२ टक्के होते. न्यू हँपशर राज्याने मात्र प्रौढांसाठी असा कायदा केलेला नाही.

ग्रेट ब्रिटनमध्ये या विषयावरील विधेयके १९७० नंतरच्या दशकात वारंवार मांडली गेली व बारगळली. अखेर १९८१ च्या वाहतूक कायद्यात ही तरतूद समाविष्ट झाली आणि ३१ जानेवारी १९८३ पासून पुढील आसनांवर पट्टा बांधणे आवश्यक झाले. प्रारंभी हा कायदा तीन वर्षांच्या प्रायोगिक मुदतीसाठी होता. १९८६ मध्ये तो कायम करण्यात आला. पट्टा बांधणाऱ्यांचे प्रमाण सु. ४० टक्क्यांवरून ९० टक्क्यांहून अधिक झाले. मागील आसनांवरील प्रौढांसाठी सक्ती होण्यास मात्र १ जुलै १९९१ उजाडले.

आक्षेप : पट्ट्याच्या सक्तीवर घेतलेले आक्षेप तीन प्रकारचे होते. पहिला वैयक्तिक स्वातंत्र्याचा. स्वतःच्या जिवाला धोका पत्करण्याचा अधिकार व्यक्तीस असावा. शासनाने पालकाची भूमिका घेऊ नये, असे अनेक विचारवंत व लोकप्रतिनिधी म्हणत. यास दिले गेलेले एक उत्तर असे, की अपघाताचा भार रुग्णालये, विमा व कुटुंब यांवर, म्हणजे इतरांवरच पडतो. दुसरे उत्तर अधिक थेट होते. पट्टा न बांधलेला प्रवासी टकरीत स्वतःच एक जड वस्तू होऊन इतरांवर आदळतो. जपानमधील अपघातांचा अभ्यास २००२ मध्ये द लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मागील प्रवाशाने पट्टा बांधला नसल्यास पुढील आसनावर पट्टा बांधून बसलेल्या व्यक्तीच्या मृत्यूचा धोका जवळजवळ पाचपट होतो, असे त्यात आढळले.

दुसरा आक्षेप पट्ट्यात अडकून पडण्याचा. आग लागणे किंवा गाडी पाण्यात पडणे हे प्रकार एकूण अपघातांत थोडे असतात आणि अशा वेळीही शुद्धीवर असलेली व्यक्तीच बाहेर पडू शकते. पट्टा तिला शुद्धीवर राहण्यास मदत करतो, हे या आक्षेपाचे उत्तर होय.

तिसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा होता. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ मध्ये असे मांडले, की सुरक्षित वाटू लागल्यावर चालक अधिक बेफिकीर होतो व धोका पादचाऱ्यांकडे सरकतो. ब्रिटिश भूगोलज्ञ जॉन ॲडम्स यांनीही असेच मत प्रतिपादिले. ब्रिटनमधील सक्तीनंतर जेम्स डर्बिन व अँड्रू हार्वी या संख्याशास्त्रज्ञांनी केलेल्या अभ्यासात चालक व पुढील प्रवासी यांच्या मृत्यूंत स्पष्ट घट आढळली; परंतु पादचारी, सायकलस्वार व मागील प्रवासी यांच्या मृत्यूंत काहीशी वाढही दिसली. तिचा अर्थ कसा लावावा याविषयी मतभेद राहिले. पट्टा बांधलेली व्यक्ती वाचण्याची शक्यता वाढते, हे मात्र त्यामुळे खोटे ठरत नाही. पट्टा वापरणाऱ्याचे रक्षण करतो, रस्त्यावरील इतरांचे नाही, एवढी त्याची मर्यादा त्यातून ध्यानात येते.

आणखी एक उणीव उशिरा लक्षात आली. टकरीच्या चाचण्यांत वापरले जाणारे पुतळे दीर्घकाळ मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या मापाचे होते. अमेरिकेतील अपघातांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार पट्टा बांधलेल्या स्त्री चालकांना तशाच टकरीत गंभीर इजा होण्याची शक्यता पुरुषांपेक्षा ४७ टक्के अधिक आढळली. गरोदर स्त्रियांनी पट्ट्याचा खालचा भाग पोटाच्या उंचवट्याखालून व वरचा भाग स्तनांच्या मधून घ्यावा, तसेच लहान मुलांसाठी त्यांच्या मापाचे स्वतंत्र आसन वापरावे, असे सांगितले जाते.

तांत्रिक सुधारणा : आरंभीचे पट्टे हाताने लांब-आखूड करावे लागत व ते सैल राहत. नंतर प्रचारात आलेल्या स्वयंगुंडाळी रिळामुळे पट्टा सामान्य हालचालीत मोकळा राहतो आणि जोराचा झटका बसताच अडकतो. टकरीच्या क्षणी पट्टा ओढून घट्ट करणारी यंत्रणा मर्सिडीझ-बेंझ कंपनीने १९८१ मध्ये एअरबॅगच्या जोडीने आणली. बल ठराविक मर्यादेपलीकडे गेल्यास पट्टा थोडा सैल सोडून बरगड्यांचे रक्षण करणाऱ्या योजनाही पुढे आल्या. एअरबॅग ही पट्ट्यास पूरक आहे, पर्यायी नाही. पट्टा न बांधता तिच्या फार जवळ असलेल्या व्यक्तीस तिच्यामुळेच इजा होऊ शकते.

भारत : भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ व त्याखालील केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार पट्ट्याचे नियमन होते. मार्च १९९४ पासून नव्या गाड्यांच्या पुढील आसनांना व ऑक्टोबर २००२ पासून मागील आसनांना पट्टे बसविणे उत्पादकांना बंधनकारक झाले. म्हणजे त्रिबिंदू पट्ट्याच्या शोधानंतर पस्तीस वर्षांनी तो भारतीय गाड्यांत सक्तीने आला. नियम १३८ प्रमाणे चालक, पुढील प्रवासी आणि पुढे तोंड असलेल्या मागील आसनांवरील प्रवासी या सर्वांनी गाडी चालू असताना पट्टा बांधणे आवश्यक आहे. मागील प्रवाशांस पट्ट्याची सक्ती नाही, हा सर्वत्र आढळणारा समज चुकीचा आहे. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत चालक व त्याच्या शेजारील प्रवासी यांच्यासाठी पट्ट्याची आठवण करून देणारी ध्वनियंत्रणा आवश्यक झाली. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४-ब अन्वये १,००० रु. दंडाची तरतूद झाली. पट्टा न बांधलेले प्रवासी नेणारा चालकही तीत दोषी ठरतो.

नियम व व्यवहार यांतील अंतर भारतात विशेष मोठे आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्यू पावल्या. त्यांपैकी पट्टा न बांधलेल्यांची संख्या १६,७१५ होती. तीत ८,३८४ चालक व ८,३३१ प्रवासी होते. पट्टा बांधला असता तर हे सर्वच वाचले असते असे म्हणता येत नाही. तथापि पट्ट्यामुळे पुढील आसनावरील व्यक्तीच्या मृत्यूचा धोका सु. ४५ ते ५० टक्क्यांनी व मागील आसनावरील व्यक्तीचा सु. २५ टक्क्यांनी कमी होतो, हा सर्वसाधारण निष्कर्ष लक्षात घेतल्यास टाळता आले असते अशा मृत्यूंची संख्या कित्येक हजारांत जाते.

४ सप्टेंबर २०२२ रोजी महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर मोटारगाडी आदळून उद्योगपती सायरस मिस्त्री व त्यांचे एक सहप्रवासी यांचा मृत्यू झाला. हे दोघे मागील आसनांवर होते व पोलिसांच्या माहितीप्रमाणे त्यांनी पट्टे बांधलेले नव्हते; पुढील आसनांवरील दोघे जबर जखमी होऊनही वाचले. या घटनेनंतर मागील पट्ट्याच्या प्रश्नाकडे देशभर लक्ष वेधले गेले. मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून गाडीतील सर्वांनी पट्टा बांधण्याविषयी आदेश काढला. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-वाणिज्य मंचांना, सूचक घंटा बंद पाडण्यासाठी बकलात अडकविण्याच्या खोट्या पट्ट्या विक्रीतून काढून टाकण्याचा आदेश दिला. अशा १३,११८ वस्तूंच्या नोंदी त्या वेळी हटविण्यात आल्या. आवाज बंद करण्यासाठी पट्टीवर पैसे खर्च करणारा ग्राहक आणि १९७४ मध्ये कुलूपयंत्रणेच्या तारा तोडणारा अमेरिकन चालक यांची वृत्ती एकच आहे.

पट्ट्याच्या बाबतीत तंत्रविद्येने आपले काम १९५९ मध्येच बव्हंशी पूर्ण केले होते. तेव्हापासून निरनिराळ्या देशांत झालेल्या विलंबाचे कारण ज्ञानाचा अभाव हे नव्हते. आपल्याला अपघात होणार नाही, जवळच्या अंतरासाठी पट्टा कशाला, मागे बसणाऱ्यास धोका नसतो, या समजुतींनी तो विलंब घडविला. जेथे कायद्यास सातत्याच्या अंमलबजावणीची जोड मिळाली, तेथे एका पिढीत पट्टा बांधणे ही सवय झाली व सक्तीची जाणीवही राहिली नाही. जेथे कायदा कागदावर राहिला, तेथे पट्टाही आसनावर तसाच पडून राहिला.